वहिनींच्या आरशाने विहिरीत नेलेलं ऊन

फूट-व्हॉल्व विहिरीत पडला, त्याचा पहिला दोष नथ्थूभाई पाटलांनी मला दिला. तो पडला तेव्हा मी शहाद्याला माझ्या दुकानात दुसऱ्याच कुणाचा पंप खोलत होतो. पण नथ्थूभाईंच्या मते बिघाड कुठेही झाला तरी तो मिस्तरीचाच असतो.

फूट-व्हॉल्व म्हणजे पंपाच्या पाइपाच्या तळाशी बसणारी झडप. ती पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही. ती नसली की पंप नुसती हवा ओढतो. त्यांच्या गड्याने पाइप साफ करायला बोल्ट काढले आणि झडप गेली तळाला. नवी धुळ्याहून मागवावी लागणार होती. तोवर वैशाखाच्या उन्हात केळीने दम धरला नसता. घड बाहेर पडले होते आणि पानं दुपारीच मिटायला लागली होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या पंपाचं इंजिन त्यांनी माझ्याकडून घेतलेलं नव्हतं. त्यांना मी किती चहा पाजला होता, किती घासाघीस केली होती! शेवटी घेतलं ते मुंबईच्या एजंटाकडून. आता ते दुसरी विहीर खणत होते आणि तिच्यावरही इंजिन लागणार होतं. म्हणून विहिरीच्या काठावर पाय ठेवल्या ठेवल्या मी विषय काढला.

"इंजन ज्यानी इकं, त्यालेच बलावा ना!"

"तो मुंबईले ऱ्हास, मिस्तरी. भांडन मंग करा, पहिले पानी काढा."

"आनि नवी इहीरवर इंजन कोन्हं?"

नथ्थूभाईंनी केळीकडे पाहिलं. "आज पानी चालनं ते तुमनंच."

हा शब्द मी चार माणसांसमोर पुन्हा वदवून घेतला. मग विहिरीत वाकून पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं. ऊन तिरपं झालं होतं, निम्म्या भिंतीवर अडलं होतं आणि खाली काळोख होता. पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या. हातात गाळ आला. पेट्रोमॅक्स सोडून पाहिला. त्याचा उजेड चहूकडे फाकतो. त्याने भिंतीतली कबुतरं जागी झाली, आमचे डोळे दिपले आणि तळाला काही पोचलंच नाही.

मला एका दिशेला जाणारा उजेड हवा होता, आणि तो फुकटात वर पडला होता. सूर्याचे किरण सरळ येतात. आरशावर ज्या कोनात पडतात, त्याच कोनात परत फिरतात. म्हणजे ऊन हवं तिकडे वळवता येतं. आरसा मात्र मोठा हवा. तसा गावात एकच होता. तो मथुरावहिनींचा, म्हणजे पाटलीणबाईंचा. सुरतेहून आणलेला, ओसरीत कापड पांघरून ठेवलेला.

"फुटना ते?" वहिनींनी विचारलं.

"सुरतेहून नवा आणून देईन."

"मंग पहिले तो आना, मंग हाऊ लई जा."

मी आजवर मारवाड्यांशी भाव केले, पण असा अडलो नव्हतो कधी. रागाने कानशिलं तापली. पण केळी त्यांचीच होती आणि इंजिनाची ऑर्डर माझी. शेवटी ठरलं ते असं, की आरसा वहिनी स्वतःच धरणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

वहिनींनी आरसा कलता केला आणि उन्हाचा चौकोन विहिरीत उतरला. पण तो जागेवर ठरेना. त्या जराशा हलल्या की तो या भिंतीवरून त्या भिंतीवर.

"वहिनी, आरसा जितका वळवाल त्याच्या दुप्पट ऊन वळतं. तुम्ही बोटभर हलता, ते हातभर पळतं."

"तशे सांगानं ना पहिलेच!" म्हणत त्यांनी आरशाची कड काठाच्या दगडावर टेकवली. ऊन ठरलं. गाळात झडप दिसली.

नथ्थूभाईंना दम कुठला! आकडी बांधलेला बांबू घेऊन ते पायरीवर उतरले आणि झडपेवर नेम धरून खुपसला. बांबू पलीकडे गेला. पाणी गढूळ.

"तठेच ते दिसनी!"

"दिसली, पण तिथे नाही. पाण्यातून बाहेर पडताना किरण वाकतो. तिरपं पाहिलं की तळातली वस्तू वर उचलल्यासारखी दिसते. दिसते त्याच्या खाली खुपसा."

"पानी बी लबाड शे का?"

"एजंटापेक्षा कमी."

गाळ बसेपर्यंत थांबलो. ऊन भिंतीवर चढत होतं, वहिनी आरसा केसाकेसाने वळवत होत्या. मी बांबू घेतला, झडपेच्या अलीकडे, खोल उतरवला. आकडी अडकली. झडप वर आली.

दिवस मावळायच्या आत इंजिन धडधडलं आणि पाटात पाणी पडलं. नथ्थूभाईंनी शब्द पाळला. नव्या विहिरीवर इंजिन मीच बसवलं, एजंटाच्या भावात. एवढं त्यांनी घासून घेतलंच.

पुढे मात्र त्या गावातून मला बोलावणं येईनासं झालं. कुणाची बादली पडो, कुणाचा पाना पडो, लोक आरशासकट मथुरावहिनींना न्यायचे. एकदा रस्त्यात भेटल्या, तर मलाच समजावू लागल्या, "मिस्तरीभाऊ, वस्तू दिसस तठे नही ऱ्हास बरं का."

तेव्हापासून धंद्यात एक नियम पाळला. गिऱ्हाइकाला काम करून दाखवायचं. कसं केलं, ते सांगायचं नाही.