चुन्याचे एकोणीस गोल

मोडनिंबजवळच्या गवताळ माळावर आमची तुकडी झाडं लावायला उतरली, तेव्हा मी हवालदार होतो. सकाळी सहाला फॉल-इन, सातला कुदळी हातात. चुन्याचा गोल आखायचा, गोलात खड्डा खणायचा. सीमेवर उमर घालवलेल्या माणसाला हा पोरखेळच वाटायचा.

नाईक बनसोडे सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला. एके दिवशी त्यानं मला माळावर पालथं झोपवलं आणि काडीनं मातीची एक चकती उचकटली. बटणाएवढं झाकण, आत रेशमाचं अस्तर, खाली बीळ. झाकण आतून कुणीतरी ओढून धरलं.

"बघा की, कशी वढतीया! कोळ्याची मादी हाय. जन्मभर ह्येच घर तिचं."

त्यानं कॉलेजातल्या एका मॅडमना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, हा कोळी फारसा कुणी पाहिलेला नाही, सोमवारी येते, तोवर जपा. रस्त्याकडेला अशी एकोणीस बिळं निघाली. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी अक्कल पाजळली आणि प्रत्येकाभोवती चुना मारायला लावला. सुभेदार साबांना नेऊन सगळं दाखवलं.

"इथं कुदळ लागणार नाही. माझा शब्द," साब म्हणाले.

रविवारी बडे पाहुणे झाडं लावायला येणार होते. मी आणि बनसोडे पाण्याचा टँकर घेऊन अकराला परतलो. एकोणीस गोलांत एकोणीस खड्डे. चुना मीच मारायला लावला होता! वॉकी-टॉकी उचलला.

"रस्त्याकडचे खड्डे कुणी खणले? ओव्हर."

"सुभेदार साबांची ऑर्डर. पाहुण्यांना खड्डे कमी पडत होते. ओव्हर."

मी तडक साबांकडे गेलो. "साब, तुम्ही शब्द दिला होता."

"खुणा तयारच होत्या. कोळ्यांपायी पाहुणे थांबवू का?"

म्हणजे चूक नव्हती. जाणूनबुजून केलं होतं. आपल्याच माणसानं केसानं गळा कापला! त्या साबांच्या मागं मी डोळे झाकून चाललो होतो. आजही आठवलं की डोकं सणकतं.

बनसोडे गुडघ्यावर बसून माती चाळत होता. बारा माद्या सापडल्या, सगळ्या मेलेल्या. बाकीच्या ढिगाऱ्यातच राहिल्या. बारा जणी त्यानं रस्त्याकडच्या पहिल्या खड्ड्यात ठेवल्या, वर मूठभर माती टाकली.

"सोमवारी मॅडमला काय सांगू ओ?" तो म्हणाला.

एक वाजता गाड्या आल्या. मुख्य पाहुण्यांनी त्याच खड्ड्यात रोप लावलं. मी आणि बनसोडे खड्ड्याशी सावधान उभे राहिलो. पाहुण्यांनी हसून मान डोलावली. त्यांना वाटलं, त्यांच्याचसाठी.