गोमेदातला पाक

बाबांचा फोन आला तेव्हा मी आकुर्डीत बसस्टॉपवर उभी होते. "ताई गेली," एवढंच ते म्हणाले. बस आली, थांबली, गेली... मी तिथेच उभी.

बाबांची ताई, म्हणजे माझी आत्या, महाळुंग्याच्या एका कारखान्यात होती. तिथे पाण्याच्या धारेने पोलाद कापतात. पाण्यात तामड्याची, म्हणजे गार्नेटची, रेती मिसळलेली असते. मी शाळेत असताना तिने मला ते दाखवलं. जाड पत्रा पाण्यापुढे दुभंगताना पाहून मला बोलणंच सुचेना. एरवीही सुचत नाही. आत्याला ते चालायचं. माझ्या तळहातावर चिमूटभर लालसर रेती ठेवून ती म्हणाली, "हा माझ्या अंगठीतल्या खड्याचा भाऊ. फक्त कामाला लागलेला."

तिच्या अंगठीत गोमेद होता, तामड्याचीच एक जात. लग्न जमेना म्हणून आजीने राहूच्या शांतीसाठी घालायला लावलेला. लग्न जमलं नाही, अंगठी राहिली. कुणी टोकलं की आत्या म्हणे, "राहूची शिफ्ट कधीच संपली, मीच ओव्हरटाइमला थांबवलाय त्याला." रविवारी ती मला भिंग देऊन खडा बघायला लावायची. बाहेरून दालचिनीच्या रंगाचा, गप्प. आत मात्र साखरेचा पाक ढवळता ढवळता थिजावा, तशा लहरी. त्याचं 'हेसोनाइट' हे नाव मी पुस्तकातून शोधून सांगितलं, तर त्याचा अर्थही तिला ठाऊक होता. मूळ ग्रीक शब्द म्हणजे 'उणा'. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांपेक्षा हा थोडा मऊ, थोडा हलका, म्हणून.

"तोलून नाव दिलं गं त्यांनी. आत डोकावले नसणार."

मी खड्याकडेच बघत राहिले.

अस्थी घेऊन आम्ही आळंदीला गेलो. घालणारं माणूस गेलं की राहूचा खडा घरात ठेवायचा नाही, वाहत्या पाण्यात सोडायचा, असं गुरुजींनी सांगितलं. बाबांनी रुमालाची गाठ सोडून अंगठी अस्थींवर ठेवली. त्या लहरी आता कुणालाच दिसणार नव्हत्या.

"बाबा, ती मला हवीय."

सगळे वळले. चारचौघांत मी कधी काही मागितलेलं नव्हतं. गुरुजी समजुतीने म्हणाले, "पोरी, तुझं लग्न व्हायचंय अजून."

"असू दे."

बाबांनी अंगठी उचलून, धोतराला पुसून, माझ्या हातावर ठेवली.

ती मला सैल होते. टेबलावर भिंगाशेजारी असते. सकाळी खिडकीत ऊन आलं की मी बघते. जमिनीच्या पोटात, आपण कुणीच नसताना घडलेला एवढासा तुकडा... खडा स्थिर असतो आणि आत काहीतरी अजून ढवळतं. डोळ्याला आत जायला वेळ दे, असं आत्या म्हणायची.

मी देते.