भिंतीवरच्या हौसामावशी

सकाळी बारामतीच्या मंडईमागे पोहोचले, तर मी रंगवलेल्या चित्राला कुणीतरी झेंडूचा हार घातला होता. खाली उदबत्ती लावलेली. दोन बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. क्षणभर वाटलं, वा! लोकांना चित्र इतकं आवडलं. कलाकार माणसाचे असले गैरसमज पटकन होतात.

"कधी गेल्या ओ मावशी?" एकीनं मलाच विचारलं.

मी भिंती रंगवते. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. मग म्युरल, म्हणजे भिंतीवरची मोठी चित्रं, करायला लागले. काम नसलं की मोबाईल घेऊन गावभर हिंडते. पोपडे उडालेल्या भिंती, गंजलेली शटर, एकावर एक चढलेले रंगाचे थर, दिसेल त्याचे फोटो काढते. घरचे म्हणतात, हिला वेड लागलंय. पण मला सुचतं ते तिथेच. इंदापूरच्या बाजारपेठेत एका भिंतीला ओल आली होती. फोटो झूम केला, तर त्या डागांत म्हाताऱ्या बाईचा गाल दिसला, सुरकुत्यांसकट. मनात आलं, भिंतीचे डाग झाकायचे कशाला? त्यांचीच सावली करू.

तशीच डागाळलेली भिंत बारामतीत शहाजीरावांच्या धान्याच्या गोदामाला होती. येणारा-जाणारा तिच्यावर थुंकायचा, म्हणून त्यांना देवांच्या फरशा बसवायच्या होत्या.

"देवांना कशाला पहाऱ्यावर बसवताय?" मी म्हटलं. "रोज समोर दिसणारी माणसं काढू."

"एक काढून दाखवा, मॅडम. जमलं तर सगळी भिंत तुमची. न्हायतर फरशा."

सगळी भिंत म्हणजे पार कोपऱ्यापर्यंत. एवढं मोठं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मला ते हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं.

भिंतीसमोर हौसामावशी भाजी विकायला बसतात. रोज काटेवाडीहून येतात. "मावशी, तुमचं चित्र काढू का?" विचारलं, तर म्हणाल्या, "काढ की बाय, माझं काय झिजतंय?" फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला. त्यावर चौकटी आखल्या, भिंतीवर तशाच मोठ्या चौकटी आखल्या आणि एकेक चौकट उतरवत गेले. आम्ही याला ग्रिड म्हणतो. ओलीचे डाग नेमके गालाखाली आले. काळा, पांढरा आणि भिंतीचा स्वतःचा करडा. बस्स. मी स्वतःवरच खूश होते. मावशी तेवढ्यात लेकीकडे इंदापूरला गेल्या होत्या, त्यांनी पुरं झालेलं चित्र पाहिलंच नव्हतं.

घोटाळा तिथेच झाला. आमच्याकडे रस्त्यावर माणसाचा एवढा मोठा चेहरा दोनच कारणांनी लागतो. रंगीत असला तर वाढदिवस. काळा-पांढरा असला तर भावपूर्ण श्रद्धांजली. त्यात खाली मावशींची जागा रिकामी. लोकांना आणखी काय पुरावा हवा?

शहाजीराव चुन्याची बादली आणि गडी घेऊनच आले.

"मॅडम, सकाळपासून लोक मला इचारतायत, माती किती वाजता हाय! आधी पुसा हे."

"मावशी येऊ द्यात. त्यांना बघू द्या तरी."

"बघून बोंब मारली तर? जित्या बाईला हार घातलाय."

"हार मी नाही घातला."

"चित्र तर तुमीच काढलंय न्हवं?"

मी शिडीला टेकून उभी राहिले, म्हणजे गड्याला वर चढता येईना.

इकडे कुणीतरी इंदापूरला फोन लावला होता. तो नेमका मावशींनीच उचलला. "व्हय, मीच बोलतीय. कोण गेलं?" मिळाली ती एसटी पकडून त्या आल्या. काटेवाडीहून त्यांचे मालक, तात्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून आले. तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि भाजी आहे. बोलणं मोजकं.

मावशी हार बघून खो-खो हसल्या. "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. बरं झालं की!"

माझा जीव भांड्यात पडला. पण तात्या हसले नाहीत. त्यांनी चित्रातल्या कपाळाकडे बोट केलं.

"पोरी, मी अजून जित्ता हाय. हिचं कुंकू काळं कशापायी केलंस?"

"तात्या, असल्या फोटोत लाल रंग काळाच दिसतो."

"फोटूत दिसू दे. कपाळाला न्हाय चालत."

मला राग आला. खरंच आला. सगळं चित्र काळ्या-पांढऱ्यावर तोललेलं, त्यात लाल ठिपका टाकला की झालं वाटोळं. मी तसं बोलणारही होते. तेवढ्यात मावशींकडे लक्ष गेलं. त्यांचं हसू मावळलं होतं. नकळत त्यांचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला होता.

"येवढं कर बाय," त्या हळूच म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ दे भिंतीवर."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पाटीकामातला लाल रंगाचा डबा माझ्या गाडीत होता. शिडीवर चढले आणि रुपयाएवढं ठसठशीत कुंकू काढलं. खाली उतरून रस्त्यापलीकडे गेले, मोबाईल धरला आणि फोटो काढायचाच विसरले. डोळे तेच, सुरकुत्या त्याच. पण बाई आता बघत होती. इतके दिवस मी नुसता चेहरा रंगवला होता. मला रडूच आलं, आणि ते चारचौघांत आलं.

"आता हाय ही," तात्या म्हणाले आणि पुढे होऊन हार स्वतः काढला.

शहाजीरावांनी मान वर करून चित्र नीट पाहिलं. मग गड्याला म्हणाले, "बादली आत ने." आणि मला, "कोपऱ्यापर्यंत करा. पण मॅडम, कुणालाच बिनरंगाचं सोडू नका."

नाही सोडलं. आता त्या भिंतीवर फुलवाला आहे, चहावाली आहे, चप्पल शिवणारे आबा आहेत. सगळे काळे-पांढरे, प्रत्येकाला एकच रंग, आणि तो ज्याचा त्यानं सांगितलेला. आबांनी आठवडाभर विचार करून फेट्याचा केशरी सांगितला. यातून शिकले ते एवढंच की भिंतीवर माणूस काढायचा, तर आधी तो त्याच्या घरच्यांना जिता दिसला पाहिजे. कला त्यानंतर.

परवा पुण्याचे एक चित्रकार भिंत बघायला आले. म्हणाले, "एकच रंग ठेवायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"मला नाही, तात्यांना."

"तात्या म्हणजे तुमचे गुरू?"

म्हटलं, तसंच समजा.