साडूंची भांग आणि माझं शास्त्र

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता ऐंशी उलटली; आणखी टाळायला सवड उरलेली नाही.

औषधावर माझ्या साडूंइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या मावळात झाला नाही, आणि औषध त्यांच्याकडे एकच होतं: भांग. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. कार्ल्याला त्यांची भातशेती आणि गोठ्यामागे भांगेची चार झाडं. दाढ दुखो, झोप न येवो, सासू रुसो, पाला तयार. एकदा बैलाला हगवण लागली, तर त्यालाही दिला. हगवण थांबली. बैलही थांबला, तो भर पुण्या-मुंबईच्या रस्त्यात. एसटीचा ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "त्यो इचारात हाय. तुमी बाजूनं घ्या."

स्वतः मात्र ते वर्षातून एकदाच, महाशिवरात्रीला, अर्धी वाटी घेत. पण बोलणं इतकं सावकाश, की हा माणूस बारा महिने घेतो असंच सगळ्यांना वाटे. सकाळी "काय, बरं आहे ना?" विचारलं, तर दुपारी बांधावर गाठून सांगायचे, "व्हय, बरं हाय."

त्यांची एकुलती मुलगी सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. दिवसभर चिंचोक्यांच्या रांगा लावी. एक चिंचोका हलला, की किंचाळून घर डोक्यावर घेई. रांग पुढच्या दारात आडवी आली, तर साडू मागच्या दारानं निघून, घराला वळसा घालून गोठ्यात जात. मला हसू आलं. म्हणाले, "तिचं काम चाललंय, साडूभाऊ. आपुन काय, रिकामंच हाय."

मी तेव्हा लोणावळ्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता आपण निम्मे डॉक्टर झालो, असा माझा समज होता. त्या महाशिवरात्रीला साडू देवळाच्या पायरीवर गावाला भांग वाटत होते. साऱ्यांदेखत मी म्हणालो, "बाप भांग पिणार, मग पोरीचा मेंदू असाच होणार. हे शास्त्र आहे." कुठलं शास्त्र, हे कुणी विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

साडूंनी हातातली वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी चारही झाडं उपटली आणि पुन्हा भांगेला शिवले नाहीत. गाव त्यांना भंगड म्हणू लागलं, ते त्यानंतर.

पुढे कितीतरी वर्षांनी पुण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांना मी मुलीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, याला स्वमग्नता म्हणतात. कशानं होते, ते पुरतं कळलेलं नाही. भांग-गांजाचा काही संबंध आहे का, तेही अजून तपासताहेत. माझ्याइतकी खात्री त्यांना कशाचीच नव्हती.

तसाच कार्ल्याला गेलो. साडू ओसरीवर बसले होते. "साडूभाऊ, त्या शिवरात्रीला मी जे बोललो..." एवढंच म्हणालो, तोच त्यांनी माझा हात धरला.

"लय उपकार झाले तुमचे. तवर समदी हिलाच बोलायची. पोटुशी असताना ग्रहनात इळी धरली, म्हनून पोर आशी झाली, म्हनायची. ही रोज रडायची. तुमी चारचौघांत माझं नाव घेतलं, आन् हिच्या मागचं सुटलं. मी भंगड तर भंगड."

आतून मेव्हणीनं विचारलं, "पाव्हणं, च्या टाकू का?"

भांगेवरचा आळ मी मागे घेतला असता, तर ती विळी पुन्हा तिच्या हातात गेली असती.

"टाका," मी म्हणालो. आणि साडूंशेजारी ओसरीवर टेकलो. वर्षाच्या आत साडू गेले.