सोमवारचा धूर

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेनऊला, मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, मी बोकडाची अख्खी मांडी धुरावर ठेवली. चार महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरचं गायकवाड कुटुंब इमारत सोडून गेलं. या दोन घटनांचा संबंध आजवर मी कुणालाही सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

आधी शेगडीबद्दल. गोल, पायांवर उभी, घुमटासारखं झाकण असलेली कोळशाची शेगडी – परदेशी जाणाऱ्या एका मित्राने दिलेली. तिच्यावर कबाब झटपट होतात. पण मला झटपट काही नको होतं. मला सहा-सात तास मंद धूर हवा होता, आणि तो द्यायला ती शेगडी तयार नव्हती. मग मी तिच्या मागे लागलो. झाकणाला भोक पाडून त्यात बुचातून तापमापक बसवला. आत एका बाजूला दोन विटा उभ्या केल्या, त्यांच्याआड पाण्याची थाळी ठेवली. कोळसे कडेने अर्धवर्तुळात रचायचे आणि एकच टोक पेटवायचं. निखारा शेजाऱ्याला पेटवत हळूहळू पुढे सरकतो. खालच्या झरोक्याला जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावला. झाकणाच्या फटी मी कणकेने लिंपायचो, दम बिर्याणीच्या हंडीला लिंपतात तशा. तापमान एकशे दहा अंशांवर तासभर स्थिर राहिलं, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो एखादी मोठी बातमी मिळाल्यावरही झाला नव्हता.

मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. साप्ताहिक सुट्टी सोमवारी. श्रावणातसुद्धा सोमवारीच – हे मी टाळू शकत होतो का? हो. थांबू शकत होतो का? पंखा नवा होता. मला तो लावून बघायचा होता.

इमारतीतली मंडळी बहुतेक कोकणातली, श्रावण कडक पाळणारी. आईचा सोमवारचा उपवास, आणि तिच्यासमोर माझाही. गच्चीच्या दोनच किल्ल्या – एक सेक्रेटरी सावंतांकडे, एक कमिटीचा सदस्य म्हणून माझ्याकडे. शेगडी लिफ्टच्या खोलीमागे ताडपत्रीखाली असायची. पत्र्याच्या शेडखाली तिच्यावर पाऊस पडत नसे.

त्या दिवशी धुरासाठी आणलेली जांभळाची लाकडं दमट निघाली. मी आंघोळ करून आईबरोबर साबुदाण्याच्या खिचडीला बसलो, तेव्हा वर कणीक तडकली असणार. धूर जिन्याने खाली उतरला. चरबीचा, दाट.

आईने घास हातातच ठेवला. "सोमवारचं कुणाकडे शिजतंय रे हे?"

"असेल कुणाकडे तरी."

"गायकवाडांकडे असेल. त्यांना काय, सगळे वार सारखे."

मी खिचडी संपवली.

वर जाऊन झरोके बंद केले, ताडपत्री ओढली. मांडी अर्धी कच्ची होती. ती पिशवीत घालून नाल्यापलीकडच्या कचराकुंडीत टाकून आलो. सांडलेली राख आणि चार कोळसे मात्र राहून गेले. ते सावंतांना मिळाले.

शनिवारी त्यावरून सोसायटीची मीटिंग झाली, आणि संशय गायकवाडांवरच होता. गायकवाड भाडेकरू होते. नवऱ्याची नोकरी औरंगाबादकडे. इथे उज्ज्वलाताई – पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या – आणि दहावीतली मुलगी प्रज्ञा. त्यांचा करार डिसेंबरात संपत होता आणि नूतनीकरणाला सोसायटीची ना-हरकत लागत होती. ती द्यायची की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही.

"तुमका पाळूचो नसात तर पाळू नकात," सावंत मालवणीत म्हणाले, "पण धूर आमच्या नाकार कित्याक?"

"आम्ही खातो. लपवून खात नाही," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "पण गच्चीवर आम्ही काही केलेलं नाही. गच्चीची किल्लीच नाही आमच्याकडे."

बिनतोड मुद्दा होता. सावंत माझ्याकडे वळले. "किल्ली तुझ्याकडे असते ना रे? कुणाला दिलेलीस?"

इथे मी थांबतो आहे. थोडा वेळ द्या.

प्रज्ञा माझ्याकडून किल्ली घेऊन गेली होती – गाद्यांना ऊन द्यायला. रविवारी. तासाभरात परतही करून गेली होती. मी म्हणालो, "प्रज्ञा घेऊन गेली होती. सोमवारी सकाळी."

बाकी सगळं खरं होतं. फक्त वार बदलला.

ती उज्ज्वलाताईंच्या मागे उभी होती. म्हणाली, "काका, रविवार होता."

"सोमवार होता, बाळा. माझी सुट्टी होती, म्हणून लक्षात आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी समोरच्या वहीकडे. इतिवृत्त मीच लिहीत होतो. एकाच बाजूचं म्हणणं छापायचं नाही, हे मी पंचवीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आलो आहे. मुलीचं वाक्य मी लिहिलं नाही.

ना-हरकत नाकारली गेली. कारणं मी देऊ शकतो – आई, कमिटी, इमारतीतलं नाव. ती कारणं होती. त्यांनी काही बदलत नाही.

जानेवारीत कमिटीची गच्चीवर पार्टी झाली. मी शेगडी उघडपणे बाहेर काढली आणि सात तास मांडी धुरावर ठेवली. सावंतांनी पहिला तुकडा तोंडात टाकला. "झकास झालंय. कसं करतोस रे?" मी पंखा दाखवला, विटा दाखवल्या, कणीक दाखवली. ते वाकून खालची काजळी बघत होते. बोटाने थोडी खरवडलीही.

"कधीपासून करतोस?"

"यंदापासून."

"बरं," ते म्हणाले, आणि दुसरा तुकडा घेतला.

गायकवाड बदलापूरला गेले. परीक्षा तोंडावर होती म्हणून प्रज्ञाची मुलुंडची शाळा बदलली नाही. तिच्या वर्गशिक्षिका आमच्याच रस्त्यावर राहतात; मी त्यांच्याकडून खात्री करून घेतली. डिसेंबर ते मार्च ती रोज पहाटे सव्वापाचला लोकल गाठायला घराबाहेर पडत असे. पहिल्या तासाला उशीर झाल्याची नोंद तिच्या नावावर तीन वेळा आहे.