पौष्टिक हार

आमच्या गावच्या शाळेला दुपारच्या जेवणाचं सरकारी अनुदान मिळालं नाही, याला मी जबाबदार आहे असं गावाचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. 'जेवण' हा साधा शब्द सोडून ज्यांनी 'पौष्टिक आहार' हा शब्द मेडशीच्या बाजूच्या आमच्या खेड्यात आणून सोडला, ते जबाबदार आहेत! जेवणाला जेवण म्हणायला त्यांची काय जीभ झडली होती?

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मी नवी सून होते. घरचा विहिरीवरचा मळा. भाजी मालेगावच्या बाजारात जायची. माझं माहेर रिसोडचं आणि मी चौथी पास, त्यामुळे सासरी माझा मान बॅरिस्टराचा! अवघड शब्द आला की मामाजी, म्हणजे माझे सासरे (सगळं गावही त्यांना मामाजीच म्हणायचं), मलाच विचारायचे. मी कधी 'माहीत नाही' म्हटलं नाही. (शिकलेल्या माणसाने तसं म्हणायचं नसतं, एवढं चौथीत कळलं होतं.)

आता शाळेचं सांगते. दुपारच्या सुट्टीत घरी भाकर असलेली पोरं घरी जायची. ज्यांच्या आया सकाळीच कापूस वेचायला गेलेल्या, ती पोरं रांजणातलं पाणी पिऊन भिंतीला टेकून बसायची. गुरुजींना ते बघवेना. त्यांनी तालुक्याला खेटे घातले, तेव्हा तिथले साहेब म्हणाले, 'मी येतो. गाव स्वतः काय खाऊ घालू शकतं ते एक दिवस दाखवा, मग अनुदान मंजूर करतो.' म्हणजे उपाशी गावानं आधी जेवू घालून दाखवायचं, मग सरकार जेवू घालणार! आधी पोहून दाखव, मग विहिरीत उतरू देतो, अशातली गत!

गुरुजींनी आमच्याकडे निरोप धाडला तो सखाराम कोतवालाबरोबर. मामाजी मोट हाकत होते, चाक कुईकुई करत होतं, आणि सखाराम बांधावरूनच ओरडला.

"मामाजी हो! परवा शाळेत साहेब येऊन राह्यला! गुरुजीनं सांगतलं, मळेवाल्यायनं पोष्टिक आहार आणाचा!"

"काय आणाचा?"

"आहार! पोष्टिक!" आणि गडी पसार!

मामाजींनी मला हाक मारली. "सूनबाई, हार त समजला. साहेब म्हटलं का हार आलाच. पन हे पोष्टिक काय हाय?"

"ज्यानं अंगात ताकद येते ते, मामाजी. गाजर, मुळा, टमाटे. आरोग्याच्या धड्यात होतं."

"गाजराचा हार?"

"सरकारी हुकूम हाय," मी ठासून सांगितलं.

"इतके दिवस झेंडूचा चालत होता," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आता काहून नाई चालत?"

"आता सुराज्य आलं, आत्याबाई!"

आम्ही दाभण आणि सुतळी घेऊन बसलो. गाजरं ओवली, पाल्यासकट मुळे ओवले, मधूनमधून टमाटे आणि वांगी. खाली लटकन म्हणून मामाजींनी एक लाल भोपळा बांधला, कारण नुसत्या वांग्यांवर साहेबाची बोळवण करणं त्यांना बरं दिसेना. हार इतका पौष्टिक झाला की शाळेपर्यंत तो दोघांनी बांबूला अडकवून नेला.

गुरुजी दारातच उभे. त्यांनी आमच्या मागे वाकून पाहिलं. "मामाजी, डेगची कुठं आहे?"

"कायची डेगची?"

"आहाराची!"

"हार हा काय!" मामाजींनी अभिमानानं बोट दाखवलं.

गुरुजी काही समजावणार, तोच साहेबांची जीप आली. आलेल्या पाहुण्याला ताटकळत ठेवणं मामाजींच्या रक्तात नव्हतं. त्यांनी हार उचलला, साहेबांनी सौजन्यानं मान झुकवली, आणि मान खाली गेली ती वर येईना!

"हे... हे काय आहे?" खालून आवाज आला.

"पोष्टिक हार, साहेब!"

"काढा आधी!"

काढणार कसा? मुळ्याचा पाला त्यांच्या नाकात, आणि गाठी माझ्या हातच्या! तेवढ्यात दुसरीतली एक पोरगी पुढं आली आणि तिनं हळूच एक गाजर उपटलं. आज शाळेत खायला मिळणार, असं पोरांना गुरुजींनीच सांगितलं होतं. मग काय, सगळी शाळा साहेबांवर तुटून पडली! गाजरं गेली, मुळे गेले, एकानं तर कच्च्या वांग्याचा लचका तोडला. साहेब इकडून तिकडे ओढले जात होते आणि पोरं खिदळत होती. शेवटी साहेबांच्या गळ्यात सुतळी आणि भोपळा एवढंच उरलं.

गुरुजींनी सुतळी कापली. साहेबांनी कोट झटकला आणि म्हणाले, "या गावात मुलांना पौष्टिक आहार अगदी गळ्यापर्यंत मिळतो आहे! अनुदान आपण खरोखरच्या उपाशी गावाला देऊ."

माझं डोकंच फिरलं. नवी सून, सासरा समोर, सगळं विसरून मी पदर खोचला. "साहेब, उपाशी हायत म्हणूनच तुटून पडले ना! पोट भरलेलं लेकरू कच्चं वांगं खाते काय?"

"उपाशी मुलं एवढी हसतात का, बाई?" असं म्हणून ते जीपमध्ये बसले.

आता तुम्हीच सांगा! हातात गाजर आलं म्हणून लेकरू हसणार नाही तर काय रडणार? का भुकेनंही साहेबांच्या दौऱ्याप्रमाणे वेळेवर रडून दाखवायचं? आजही ते आठवलं की माझा संताप होतो.

दिवे लागायच्या सुमाराला गाव शाळेत जमलं. बराच वेळ सगळ्यांनी मला बोलून घेतलं. शेवटी गुरुजी म्हणाले, "साहेबांना पुन्हा बोलावू. पण या खेपेला त्यांना कुपोषण दाखवावं लागेल."

एकदम सगळं गाव माझ्याकडे पाहायला लागलं. मला बरं वाटलं. कितीही बोलले तरी शब्द अडला की यांना माझ्याकडेच यावं लागतं! मी घसा खाकरला.

"कुपोषण म्हंजे..."

आत्याबाईंनी मागून माझा पदर ओढला. "अर्थ कोन पुसून राह्यलं व तुले? त्या दिवशी साहेबासमोर नुसती उभी राय. तुह्याएवढं वाळलेलं गावात दुसरं कोनी नाई!"