सासऱ्यांची हत्यारं आणि जपानी पेटी

पेटी बंद झाली तेव्हा मला फार आनंद झाला. ती आता उघडणारच नाही, हे कळायला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

माझे सासरे सुतार होते. ते गेल्यावर त्यांचा रंधा, करवत, पटाश्या बायकोनं पोत्यात भरून आमच्या चामोर्शीच्या घरी आणल्या. गोंडपिपरीच्या तिच्या थोरल्या भावानं निरोप धाडला, ‘पोत्यात गंजत असन तं बाजाराच्या दिवशी मी घेऊन जातो.’ बायको रोज संध्याकाळी रंध्याला तेल लावू लागली. तेव्हा मी, शाळामास्तर माणूस, पेटी करायला बसलो.

नमुना शेजाऱ्याचा. लढाईत तो ब्रह्मदेशात गेला होता. जपानी सुताराची पेटी त्यानं मला कोळशानं ओट्यावर काढून दाखवली. बिजागरी नाही, कडी नाही. तोंडावर दोन्ही टोकांना एकेक पट्टी. झाकण एका पट्टीखाली खोल सरकवायचं, मागे ओढून दुसरीखाली घालायचं आणि उरलेल्या फटीत पाचर मारायची. त्यासाठी झाकण बोटभर आखूड लागतं. मी सागाची फळी पुरेपूर कापली, हत्यारं आत रचली, झाकण ठेवलं आणि वरून दोन्ही पट्ट्या ठोकल्या. करून ठेवलेल्या पाचरीला जागाच उरली नाही.

बाजाराच्या दिवशीच हे झालं. दुपारी मेहुणे आले. त्यांनी पेटी हलवून पाहिली. आत खडखडाट झाला.

“जवाईबापू, उघडत काऊन नाई?”

“जपानी आहे,” मी म्हणालो.

“तं जपान्याले बलवा!”

बायको कुऱ्हाड घेऊन आली. पात्यानं एक पट्टी उचकटली, झाकण काढलं, वडिलांची करवत घेतली. फळी पायाखाली दाबून बोटभर तुकडा कापला, कडेवर रंधा फिरवला. पट्टी परत ठोकली, झाकण सरकवलं, माझी पाचर मारली. झाकण घट्ट बसलं. पाचर काढली, उघडलंही.

मेहुणे तिच्या पायाकडे बघत होते. “बाबाबी फळीवर असाच पाय द्याचे,” ते म्हणाले. चहा घेऊन ते बाजारात गेले आणि तिथूनच परस्पर गावी.

बायकोनं पेटी खाटेखाली सरकवली.

“पाचर चांगली बनवली तुमी,” ती म्हणाली. “पण आता बाबाच्या हत्यारांले हात नोका लावू.”